आकडी, असर आणि अळी : मुलांच्या मेंदूज्वराचा आणि मिरगीचा इतिहास

एकाच आजाराला आमच्या वस्तीत सहा नावं आहेत. मराठी बोलणारे शेजारी त्याला आकडी, फेफरं किंवा फीट म्हणतात. आमच्या घरांत मिरगी आणि दौरा. शाळेच्या पुस्तकात अपस्मार. पण सगळ्यात जास्त नुकसान केलं ते सातव्या नावाने. ते नाव दबक्या आवाजात घेतलं जातं : ‘असर’. पोराला असर झाला, म्हणजे कुठल्या तरी जिन्नाची, सावलीची, वाईट जागेची बाधा झाली. मराठीत याला ‘बाहेरचं’ म्हणतात. म्हणजे धर्म वेगळे असले, तरी अंधार सारखाच.

मी नाशिकच्या अंबडला राहतो. अंबड म्हटलं की पुष्कळांना जालना जिल्ह्यातला तालुका आठवतो. हे ते नव्हे, हे एमआयडीसीचं अंबड. कंपन्यांमधले कंत्राटी कामगार, वेल्डर, रिक्षावाले, लिंक रोडवर भंगाराचा धंदा करणारे, अशांची मुलं माझ्यासमोर बसतात. त्यांना मी उर्दू आणि मराठी शिकवतो. वीस वर्षांत वर्गात फीट आलेली मुलं मी अनेकदा पाहिली. प्रत्येक वेळी कुणीतरी चप्पल घेऊन धावतं, कुणी कांदा शोधतं, कुणी हातात किल्ली कोंबतं. यातली बरीच मुलं लहानपणी ‘डोक्यात ताप गेला होता’ अशी असतात. हा ताप आणि ही मिरगी यांचं नातं काय, हे मला समजून घ्यायचं होतं. शोधत गेलो तेव्हा लक्षात आलं, की या संशोधनाचा एक मोठा धागा आपल्याच महाराष्ट्रातून जातो, आणि त्याहून जुना एक धागा आपल्या हकिमांच्या ग्रंथांतून.

पाडणारा आजार

अरबीत मिरगीला ‘सरअ’ म्हणतात. या धातूचा अर्थ पाडणं, चीत करणं. संस्कृतातला ‘अपस्मार’ म्हणजे स्मृती हरपणं. ग्रीक शब्दाचा अर्थ पकडलं जाणं. प्रत्येक भाषेने आजाराची एक बाजू पाहिली : कुणी पडणं पाहिलं, कुणी शुद्ध जाणं, कुणी झडप.

इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका वैद्याने या आजारावर एक छोटा ग्रंथ लिहिला. लोक त्याला ‘पवित्र आजार’ म्हणत, कारण तो देवांकडून येतो असा समज होता. या वैद्याने सांगितलं की हा आजार इतर आजारांपेक्षा अधिक पवित्र वगैरे काही नाही, त्याचं मूळ मेंदूत आहे, आणि मंत्र घालणारे लोक आपलं अज्ञान झाकण्यासाठी देवाचं नाव पुढे करतात. त्यानंतर सहाशे वर्षांनी गॅलनने मिरगी असलेल्या एका मुलासाठी त्याच्या वडिलांना सल्ल्याचं सविस्तर पत्र लिहिलं. खाणं काय, व्यायाम किती, झोप कधी.

नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅलनची पुस्तकं सिरियाक आणि अरबीत आणली. हुनैन ख्रिस्ती होते, त्यांचे आश्रयदाते मुसलमान, आणि ग्रंथ ग्रीकांचे. इल्म असाच एका घरातून दुसऱ्या घरात जातो. पुढे अबू बक्र अल-राझी यांनी देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार म्हणून तपशिलात मांडले. त्यांच्या नावावर मुलांच्या आजारांवरचा एक स्वतंत्र छोटा ग्रंथही लॅटिनमधून टिकून आहे, त्यात लहान मुलांच्या मिरगीवर मजकूर आहे. तिला ‘मुलांची आई’ असं नाव दिलेलं आहे. हे अरबीतल्या ‘उम्मुस्सिबयान’चं भाषांतर.

आता या शब्दाची गंमत पाहा. हकिमाच्या नुस्ख्यात उम्मुस्सिबयान म्हणजे तान्ह्या मुलांना येणारे झटके. ताविज-अमलियातच्या पुस्तकांत तीच उम्मुस्सिबयान मुलं पळवणारी, त्यांना छळणारी एक डायन आहे. शब्द एकच, पण एका कपाटात तो आजार आहे आणि शेजारच्या कपाटात भूत. आमच्या समाजाने दोन्ही कपाटं सांभाळली, पण उघडलं बहुतेक वेळा दुसरं.

इब्न सीना (९८० ते १०३७) यांनी ‘अल-कानून फित-तिब्ब’च्या तिसऱ्या भागात डोक्यापासून पायापर्यंतचे आजार क्रमाने घेतले आहेत. सुरुवात मेंदूपासून आहे. तिथे ‘सरसाम’ आहे, म्हणजे तापासोबत येणारी मेंदूची आणि त्याच्या आवरणांची सूज, आणि तिथेच ‘सरअ’ही आहे. आजच्या भाषेत मेंदूज्वर आणि मिरगी एकाच प्रकरणसमूहात शेजारी बसल्या आहेत. याच भागात मालिखोलिया या मनोविकाराबद्दल लिहिताना त्यांनी जिन्नांचा विषय काढला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की काही वैद्य हा आजार जिन्नांमुळे होतो म्हणतात. आम्ही वैद्यकशास्त्र शिकणाऱ्यांना त्याची फिकीर नाही. जिन्नांमुळे झाला असं मानलं तरी शेवटी शरीराच्या मिजाजात बिघाड होऊनच तो होतो, आणि वैद्याचं काम त्या बिघाडाशी आहे. हजार वर्षांपूर्वी एका मुसलमान हकिमाने इतक्या शांतपणे हा वाद बाजूला ठेवला होता. कुणाच्या श्रद्धेला त्याने हात लावला नाही, आणि पेशंटलाही अंधारात सोडलं नाही. ‘कानून’ आजही युनानी महाविद्यालयांत शिकवला जातो. आपल्या जिल्ह्यात मालेगावच्या मन्सुऱ्यात असं महाविद्यालय आहे.

बुखारीच्या हदीससंग्रहात एक प्रसंग आहे. एका काळ्या स्त्रीला मिरगी होती. तिने पैगंबर (स.) यांना दुआ करायला सांगितलं. त्यांनी तिला पर्याय दिला : सबर केलास तर जन्नत आहे, किंवा मी बरं होण्याची दुआ करतो. तिने सबर निवडला, फक्त एवढं मागितलं की दौरा येताना माझं अंग उघडं पडू नये. त्यांनी तेवढी दुआ केली. आमच्याकडे हा प्रसंग सबरचं महत्त्व सांगायला वापरतात. मला त्यातलं दुसरं काही दिसतं. त्या बाईला कुणी बांधलं नाही, मारलं नाही, वस्तीबाहेर काढलं नाही. तिच्या आजारपणापेक्षा तिच्या इज्जतीची काळजी घेतली गेली, आणि निर्णय तिचा होता. शिवाय प्रत्येक आजाराला अल्लाहने इलाज दिला आहे, असं सांगणारी हदीस त्याच संग्रहात आहे. इलाज शोधणं हा त्यामुळे श्रद्धेच्या विरुद्धचा मार्ग ठरत नाही.

नागपूरचं गाव, पुण्याची प्रयोगशाळा

आता थेट विसाव्या शतकात येऊ. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही, ती हीच. कोविडच्या काळात तिचं नाव घराघरांत पोहोचलं, पण त्याआधी सत्तर वर्षं ही संस्था डास, गोचीड, माशा आणि माकडांच्या मागे फिरत होती.

१९६५ मध्ये नागपूरकडे डेंग्यू-चिकुनगुनियासारख्या तापाची साथ होती. पुण्याचं पथक रक्ताचे नमुने घेऊन आलं. त्यांतल्या दोन प्रौढ रुग्णांच्या रक्तात प्रवीण भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांना एक वेगळाच विषाणू सापडला. तो डेंग्यूचा नव्हता, चिकुनगुनियाचाही नव्हता. १९६७ मध्ये त्यांनी तो जगासमोर मांडला आणि तिथल्या गावाच्या नावावरून त्याला चांदीपुरा हे नाव दिलं. तो रेबीजच्या मोठ्या कुळातला निघाला, पण त्या वेळी त्याची फार भीती कुणाला वाटली नाही. साधा ताप आणणारा एक विषाणू, एवढीच त्याची नोंद झाली.

१९७० मध्ये औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) पकडलेल्या वाळूमाशीत हाच विषाणू मिळाला. वाळूमाशी डासापेक्षाही लहान असते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठे, ओलसर अंधाऱ्या जागा ही तिची घरं. १९८० मध्ये जबलपूरला मेंदूच्या तीव्र आजाराच्या रुग्णाच्या रक्तात चांदीपुरा सापडला, तेव्हा पहिल्यांदा शंका आली की हा साधा तापाचा विषाणू नसावा. पुढे तो आफ्रिकेतही मिळाला, सेनेगलच्या वाळूमाश्यांत आणि नायजेरियाच्या साळूसारख्या छोट्या काटेरी प्राण्यांत.

मग २००३ चा पावसाळा आला. जून ते ऑगस्ट या काळात आंध्र प्रदेशात (त्यात आजचा तेलंगणाही आला) ३२९ मुलं आजारी पडली आणि त्यांतली १८३ गेली. ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी, आणि पुष्कळदा एका-दोन दिवसांत मृत्यू. सकाळी खेळणारं मूल दुसऱ्या दिवशी दफन करायची वेळ यावी, इतका वेग. महाराष्ट्रातही त्या साथीने मुलं गेली. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी नमुन्यांत चांदीपुरा दाखवला आणि २००४ मध्ये त्याचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. सगळ्यांनी तो लगेच मान्य केला असं नाही. काही बालरोगतज्ज्ञांचं म्हणणं होतं की हे मेंदूज्वरापेक्षा मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरच्या हल्ल्यासारखं दिसतं. असा वाद होणं हीच संशोधनाची रीत आहे. २००४ मध्ये गुजरातच्या पूर्व जिल्ह्यांत, २००७ मध्ये नागपूर विभागात साथ पुन्हा आली, आणि शंका हळूहळू मावळली.

अगदी अलीकडे, २०२४ च्या जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, भारतात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांतले ६४ रुग्ण चांदीपुराचे असल्याचं तपासणीत सिद्ध झालं, बहुतेक सगळे गुजरातचे. गुजरात आपल्या सुरगाण्याला लागून आहे. त्या पावसाळ्यात आमच्या भागातही मोबाइलवर नाना प्रकारचे निरोप फिरले. पण वाळूमाशी कुठे राहते, हे सांगणारा निरोप मला एकही आला नाही.

चांदीपुरावर आजही खास औषध नाही, लस नाही. उपचार म्हणजे ताप, झटके आणि मेंदूची सूज आटोक्यात ठेवणं, आणि ते वेळेवर करणं. म्हणून तास मोजावे लागतात. तापात झटका आलेल्या मुलाला आधी झाडफूक करणाऱ्याकडे नेलं, तर सगळ्यात मोलाचे तास तिथेच संपतात.

ताप उतरतो, खूण राहते

मेंदूज्वरातून वाचलेल्या मुलाचं पुढे काय होतं, हा प्रश्न जगभर उशिरा विचारला गेला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका परगण्याच्या दवाखान्यांच्या नोंदी अनेक दशकं नीट जपल्या गेल्या आहेत. त्या आधारे १९८८ मध्ये ॲनेगर्स आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या संसर्गातून वाचलेल्या ७१४ जणांचा हिशेब मांडला. पुढच्या २० वर्षांत विनाकारण झटके येण्याची शक्यता सरासरी ६.८ टक्के निघाली. पण ज्यांना विषाणूजन्य मेंदूज्वरातच सुरुवातीला झटके आले होते, त्यांच्यात ती २२ टक्के होती. जीवाणूंच्या मेंदूज्वरात सुरुवातीला झटके आलेल्यांत १३ टक्के.

हे आकडे शिक्षकाच्या भाषेत सांगायचे तर असे. संसर्गाच्या वेळी मेंदूतल्या काही पेशी मरतात, तिथे व्रण राहतो. व्रणाभोवतीच्या पेशी नव्याने जोडल्या जातात, आणि त्या जोडण्या कधी कधी चुकीच्या असतात. मग सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, कधी दहा वर्षांनी तिथून विजेचा लोळ उठतो आणि मूल पडतं. तोपर्यंत घरचे ताप विसरलेले असतात. कारण आणि परिणाम यांच्यात इतकं अंतर पडलं की मधली रिकामी जागा जिन्न भरून काढतो.

प्रत्येक संसर्गाचा हिशेब वेगळा आहे. चांदीपुरा मारतो झपाट्याने, पण वाचलेल्यांत मागे राहणारं नुकसान तुलनेने कमी दिसतं. जपानी मेंदूज्वर तसा नाही. भारतात तो पहिल्यांदा १९५५ मध्ये वेल्लोरला ओळखला गेला. त्याचा विषाणू डुकरं आणि बगळ्यांत राहतो, आणि भाताच्या खाचरांत वाढणारे डास तो माणसात आणतात. त्यातून मेंदूज्वर झालेल्यांपैकी वाचलेल्या ३० ते ५० टक्के लोकांना कायमचं काही तरी अपंगत्व राहतं : झटके, लकवा, बोलणं जाणं, बुद्धीवर परिणाम. त्यावर लस आहे, आणि २००५ च्या गोरखपूरच्या भयंकर साथीनंतर २००६ पासून ती बाधित जिल्ह्यांतल्या मुलांना द्यायला सुरुवात झाली.

क्षयाचा मेंदूज्वर हा आमच्या दाटीच्या वस्त्यांचा जुना शत्रू. जन्मल्याबरोबर टोचली जाणारी बीसीजी मोठ्या माणसाच्या फुप्फुसाच्या क्षयाला फारशी अडवत नाही, पण लहान मुलाच्या मेंदूतल्या क्षयापासून चांगलं संरक्षण देते. दंडावरच्या त्या छोट्या खुणेचं खरं मोल हे आहे.

आणि गोवर. अल-राझींचा गोवर. आपल्याकडे गोवराला कुणी आजारच मानत नाही. ‘माता’ म्हणून लिंबाची पानं ठेवतात, आमच्याकडे ‘खसरा’ म्हणून किशमिश-खजूर खाऊ घालतात. पण गोवर झालेल्या हजारातल्या सुमारे एका मुलाला मेंदूज्वर होतो. त्याशिवाय एक फार क्रूर प्रकार आहे. गोवर बरा होतो, मूल शाळेत जाऊ लागतं, आणि सात-दहा वर्षांनी ते अभ्यासात मागे पडायला लागतं, हातातून पेन पडतो, अंग मधूनच दचकतं. मग झटके, मग अंथरूण, मग मृत्यू. या आजाराला डॉक्टर एसएसपीई म्हणतात. १९३३ मध्ये अमेरिकेत डॉसन यांनी अशा एका मुलाच्या मेंदूचं वर्णन केलं होतं. १९६९ मध्ये अशा रुग्णांच्या मेंदूतून गोवराचा विषाणूच बाहेर काढण्यात आला, तेव्हा कोडं सुटलं. वर्गात मागे पडणारं मूल आळशी आहे असं कुठल्याही शिक्षकाला पटकन वाटू शकतं. क्वचित ते मूल असा आजार घेऊन बसलेलं असतं.

२०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडीत गोवराचा उद्रेक झाला, मुलं दगावली. भिवंडी आणि मालेगावातही रुग्ण निघाले. ही तिन्ही नावं वाचून कुठल्या समाजाची मुलं यात जास्त होती, हे वेगळं सांगायला नको. दाटी, गरिबी, कुपोषण, दवाखान्यांची कमतरता ही कारणं खरी आहेत आणि त्यांचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. पण २०१८ च्या नोव्हेंबरात राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली, तेव्हा ‘या सुईने मुलं पुढे बाप होणार नाहीत’ असे निरोप दाखवत पालक माझ्यासमोरही उभे राहिले होते. ते निरोप सरकारने पाठवले नव्हते. ते आपणच एकमेकांना पाठवले होते. गोवराची ओळख जगाला करून देणाऱ्या अल-राझीचं नाव आपण अभिमानाने घेतो, आणि त्याच गोवराच्या लसीपासून मुलं लपवतो. हा विरोधाभास मला सहन होत नाही.

डुक्कर न खाणाऱ्यांच्या मेंदूतली अळी

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायला बसलो, ती सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाला झटके सुरू झाले. स्कॅन झाला. मेंदूत छोटी गाठ दिसली. डॉक्टरांनी सांगितलं, अळी आहे, औषधाने जाईल. वडिलांनी ती फाइल घरी नेली. कुणीतरी मोबाइलवर त्या आजाराचं नाव शोधलं आणि पहिल्याच ओळीत ‘डुकराच्या मांसातली पट्टकृमी’ असं वाचलं. झालं. गल्लीत कुजबुज सुरू झाली, की या घरात हराम खाल्लं जातं. आईने फाइल पेटीच्या तळाशी ठेवली आणि लोकांना सांगितलं, असर आहे. जिन्नाची बाधा सांगणं तिला डुकराच्या संशयापेक्षा सोपं वाटलं. औषध महिनाभर बंद राहिलं.

त्या आईला कुणी तरी हा इतिहास सांगायला हवा होता, म्हणून मी तो इथे सांगतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटिश लष्करातल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की भारतात नोकरी करून परतलेल्या सैनिकांना काही वर्षांनी मिरगी सुरू होते. त्यांच्या मेंदूत पट्टकृमीच्या अळ्यांच्या गाठी होत्या. १९६१ मध्ये डिक्सन आणि लिप्सकोम यांनी अशा ४५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले बहुतेक भारतात राहून गेलेले होते. म्हणजे अळी आणि मिरगीचं नातं जगाला समजलं त्यात आपल्या मातीचा मोठा वाटा होता.

तरी आपल्याच मुलांची वेळ उशिरा आली. सीटी स्कॅन भारतात रुळला तो १९८० च्या दशकात. झटके येणाऱ्या मुलांच्या मेंदूत एक छोटी गोल कडी दिसू लागली. पुण्याच्या डॉ. आर. एस. वाडिया आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अशा कडीसारख्या गाठींवर ब्रिटनच्या नामांकित नियतकालिकात शोधनिबंध लिहिला. ही कडी म्हणजे क्षयाची गाठ असावी, असं पुष्कळ डॉक्टरांना वाटे. आपल्या देशात क्षय इतका, की ते वाटणं साहजिक होतं. त्यामुळे कित्येक मुलांना महिनोन्‌महिने क्षयाची औषधं दिली जात. १९८९ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे मॅथ्यू चांडी आणि वेदांतम राजशेखर यांनी शस्त्रक्रियेने काढलेल्या अशा गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. बहुतेकांत क्षय नव्हता, अळी होती. त्या एका निष्कर्षाने देशभरातल्या हजारो मुलांचा उपचार बदलला.

या अळीचं चक्र नीट समजून घ्या. अर्धकच्चं, दूषित डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. तो माणूस पुष्कळदा ठणठणीत असतो. पण त्याच्या विष्ठेतून कृमीची हजारो अंडी बाहेर पडतात. उघड्यावरची विष्ठा, सांडपाणी, त्यावर वाढलेली भाजी, न धुतलेले हात, या वाटेने ती अंडी दुसऱ्या कुणाच्याही पोटात जातात. त्या अंड्यांतून निघालेली अळी रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचते. म्हणजे मांसातून आतड्यातला कृमी मिळतो. मेंदूतली अळी अंड्यांतून येते, आणि अंडी कोथिंबिरीच्या जुडीतून, कच्च्या गाजरातून, माठातल्या पाण्यातूनही येतात. जन्मभर शाकाहारी असलेल्या जैन कुटुंबातल्या मुलालाही ती होऊ शकते.

याचा सगळ्यात बोलका पुरावा न्यूयॉर्कचा आहे. तिथल्या कर्मठ ज्यू समाजात, जो आमच्याइतकाच कडकपणे डुकरापासून दूर राहतो, चार जणांना झटके आले आणि मेंदूत ही अळी निघाली. १९९२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या घरांत लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरकाम करणाऱ्या बायका होत्या, आणि तपासणीत त्यांच्यापैकी एकीच्या आतड्यात पट्टकृमी निघाला. पुढे कुवेतसारख्या मुस्लिम देशातूनही असेच रुग्ण नोंदले गेले.

ही हकिकत वाचून मोलकरणींकडे बोट दाखवू नका. ती बाईही आजारीच होती. तिला कुणी तपासलं नव्हतं, आणि ज्या गावातून ती आली तिथे शौचालयं कुणी बांधली नव्हती. आपल्या कॉलन्यांत कामाला जाणाऱ्या बायका आपल्याच आई-बहिणी आहेत.

औषध, कायदा आणि निकाह

मिरगीवरचा पहिला उपयोगी इलाज १८५७ मध्ये लंडनच्या लोकॉक यांनी सुचवलेला ब्रोमाइड. १९१२ मध्ये जर्मनीत तरुण डॉक्टर आल्फ्रेड हाउप्टमान यांना फेनोबार्बिटलचा गुण समजला. हाउप्टमान ज्यू होते, पुढे नाझी राजवटीत त्यांना देश सोडावा लागला. त्यांचं औषध मात्र आजही जगभर गरिबांच्या कामी येतं, कारण ते अतिशय स्वस्त आहे. १९३८ मध्ये फेनिटॉइन आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना मिरगी आहे, त्यांतले ८० टक्के आपल्यासारख्या देशांत राहतात, आणि नीट उपचार मिळाले तर ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. शिवाय चौथा हिस्सा मिरगी मुळात टाळता येण्यासारखी आहे.

मुंबईत डॉ. एडी भरुचा यांनी १९७० मध्ये इंडियन एपिलेप्सी असोसिएशनची मुहूर्तमेढ रोवली. या लोकांसमोर औषधाइतकाच मोठा प्रश्न कायद्याचा होता. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडासोबत मिरगीचे वारंवार येणारे झटके हीसुद्धा लग्नाला आडकाठी ठरवली गेली. विशेष विवाह कायद्यातही तशीच तरतूद होती. ती काढून टाकायला १९९९ साल उजाडावं लागलं. मुस्लिम विवाह विच्छेदन कायदा १९३९ चा आहे. त्यात मिरगी हे कारण कधीच नव्हतं. पण कागदावर नव्हतं म्हणून आमच्याकडे मुलींचे संसार वाचले, असं म्हणायची माझी छाती नाही. आजार लपवून निकाह लावतात, मुलगी लपवून ठेवलेल्या गोळ्या चुकवते, सासरी पहिला दौरा येतो आणि महिन्याभरात ती माहेरी परत येते. हे मी आमच्या आळीत पाहिलं आहे. फसवणूक वाईटच. पण ज्या समाजात खरं सांगितलं की दार बंद होतं, तिथे लोक खोटं बोलणारच.

आपल्या हातातलं

इतिहास वाचून शेवटी काय करायचं, असं माझे विद्यार्थी नेहमी विचारतात. तुम्हीही विचाराल.

मुलांचं लसीकरण कार्ड आजच काढून पाहा. बीसीजी, पेंटाव्हॅलंट, गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस. यातली प्रत्येक सुई मेंदूच्या कुठल्या तरी संसर्गाच्या वाटेवर उभी आहे. भाजी, विशेषतः कोथिंबीर, पालक, गाजर-मुळा, वाहत्या पाण्यात नीट धुवा. वुजूला आपण दिवसातून पाच वेळा हात धुतो, तोच हात शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने धुवायला वेगळा फतवा लागू नये. घराच्या भिंतीच्या भेगा पावसाळ्याआधी बुजवा, गोठा असेल तर कोरडा ठेवा, मुलांना मच्छरदाणीत झोपवा. तापात मूल बरळायला लागलं, झटका आला, मान ताठ झाली, तर थेट दवाखाना. फीट आली तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालय गाठा. चपलेचा वास कुणाचीही फीट थांबवत नाही. ती बहुतेक वेळा आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं. गोळ्या डॉक्टरांनी सांगेपर्यंत बंद करू नका. दुआ करा, कुराण पढा, त्याला कुणाची हरकत नाही. फक्त गोळी दिल्यानंतर करा.

शिक्षकांना एक वेगळी विनंती. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्यांच्या यादीत झटक्यांचे आजारही आहेत. ज्या मुलाला कधी फीट आली आहे, त्याचं नाव त्या दिवशी आवर्जून सांगा, आणि त्याला शेवटच्या बाकावरून पुढे आणा. त्याला सहलीला न्या. त्याच्या शेजारी बसल्याने आजार लागत नाही, हे बाकीच्या मुलांना एकदा मोठ्याने सांगा. मुलं लवकर समजतात. वेळ लागतो तो त्यांच्या घरच्यांना.

आमच्या मशिदींतून जुम्याच्या खुतब्यात सबरवर पुष्कळ बोललं जातं. एखाद्या जुम्याला इमामसाहेबांनी इब्न सीनाचं ते म्हणणं सांगावं, अल-राझीच्या गोवराबद्दल बोलावं, आणि त्या काळ्या बाईची गोष्ट तिच्या इज्जतीच्या बाजूने सांगावी. १७ नोव्हेंबरला देशात राष्ट्रीय अपस्मार दिन पाळतात. त्याच्या जवळचा जुमा निवडायला काय हरकत आहे? कुठल्या तरी सफेत उभी असलेली एखादी आई किंवा बाप ते ऐकेल, घरी जाईल, आणि पेटीच्या तळाशी ठेवलेली फाइल बाहेर काढेल.